रिमोटच्या ट्रकसाठी रेडिओ आणि सर्व्हो कसे निवडावेत

मॉडेल ट्रक घेतला की पहिला प्रश्न येतो, रिमोट म्हणजे रेडिओ कुठला घेऊ? माझं सांगणं असं की रिमोटचा विचार सगळ्यात शेवटी करा. सुरुवात पुढच्या चाकांपासून करा. चाकं वळवायला किती जोर लागतो त्यावर सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) ठरतो, सर्व्हो किती करंट ओढतो त्यावर विजेची सोय ठरते, आणि मग किती चॅनेल (रिमोटवरून वेगवेगळी कामं करण्याच्या वाटा) हवेत ते मोजून रिमोट घ्यायचा.

हा क्रम मी नुकसान सोसून शिकलो. माझा १/१४ मापाचा दहाचाकी ट्रक आहे. मार्केट यार्डात कांदा घेऊन येणाऱ्या गाड्यांसारखा रंगवलाय आणि मागे शेंगदाण्याची पोती भरली की साडेपाच किलो भरतो. गच्चीवर जागेवरच स्टेअरिंग पूर्ण वळवलं की समोरचे दिवे मंद व्हायचे, ट्रक क्षणभर मुका व्हायचा आणि मग भलतीकडेच सुटायचा. एकदा कठड्यावर आदळून बंपर तुटला. रेंजचा दोष समजून मी रिमोट बदलला, तरी तेच. दोष रिमोटचा नव्हताच. जोर लावताना सर्व्हो इतका करंट ओढत होता की व्होल्टेज खाली जाऊन रिमोटचा सिग्नल पकडणारा ट्रकमधला रिसीव्हरच बंद पडत होता.

आधी मोजा

घरातला हुकाचा छोटा ताणकाटा घ्या. सर्व्होकडून चाकांकडे जाणारी दांडी सर्व्होपासून सोडवा, ट्रकमध्ये नेहमीचा माल भरा आणि तो फरशीवर न ठेवता खरखरीत सिमेंटवर ठेवा. दांडीला हुक अडकवून सरळ रेषेत ओढा. चाकं हलायला लागतात तेव्हा काट्यावर किती किलो दिसतात ते टिपा. त्या आकड्याला सर्व्होच्या हॉर्नच्या (दांडी जिला जोडतात त्या फिरत्या पट्टीच्या) लांबीने, म्हणजे मधल्या स्क्रूपासून दांडीच्या भोकापर्यंतच्या सेंटिमीटरने, गुणा. काटा अडीच किलो दाखवत असेल आणि हॉर्न २ सेंमी असेल, तर ५ किलो-सेंमी टॉर्क (वळवण्याचा जोर) लागतो.

आता त्याची दुप्पट धरा. वेष्टनावर छापलेला टॉर्क म्हणजे सर्व्हो अडून थांबतो तिथला आकडा असतो, रोज तेवढ्या ओझ्यावर चालवायचा नसतो. म्हणजे वरच्या हिशोबात १० किलो-सेंमीच्या आसपासचा सर्व्हो लागेल. एमजी९९६आर हा स्वस्त आणि सहज मिळणारा सर्व्हो ६ व्होल्टवर ११ किलो-सेंमी सांगतो, पण त्याच्या नकला फार आहेत. शक्य असेल तर थोडे जास्त पैसे घालून १५ ते २० किलो-सेंमीचा घ्या. स्टेअरिंगला दातेरी चाकं धातूचीच हवीत. प्लॅस्टिकचे दात दगडावर चाक अडलं की जातात. वेगाचा आकडा (६० अंश फिरायला किती सेकंद) ट्रकला फारसा महत्त्वाचा नाही. ०.१७ सेकंदही भरपूर झाला.

घेताना आणखी एक बघा, सर्व्होच्या ज्या दांड्यावर हॉर्न बसतो त्यावर दात किती आहेत ते. २५, २४ आणि २३ दातांचे हॉर्न एकमेकांवर बसत नाहीत. जबरदस्तीने ठोकलं तर दोन्ही वाया जातात. गिअर बदलायला किंवा ट्रेलरची पिन सोडायला जोर कमी लागतो. तिथे साधा किंवा छोटा धातूच्या गिअरचा सर्व्हो पुरतो.

मग वीज

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरमध्ये रिसीव्हरला आणि सर्व्होला ५-६ व्होल्ट देणारा एक भाग असतो, त्याला बीईसी म्हणतात. स्वस्त कंट्रोलरमध्ये तो कधी कधी १ अँपिअरचाच असतो, तर एमजी९९६आर अडला की २.५ अँपिअरपर्यंत ओढतो. माझा ट्रक मुका होत होता तो इथे. उपाय सोपा आहे. बॅटरीवरून चालणारा ५ अँपिअरचा स्वतंत्र बीईसी ६ व्होल्टवर लावायचा आणि त्याचा प्लग रिसीव्हरच्या बॅटरीच्या जागी घालायचा. मात्र त्याआधी स्पीड कंट्रोलरच्या प्लगमधली लाल तार काढून तिच्यावर टेप गुंडाळा, नाहीतर दोन्ही पुरवठे एकमेकांना भिडतील. ट्रकच्या दिव्यांची तार या लाइनवर आणूच नका.

दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ८.४ व्होल्ट देते. सर्व्होवर आणि रिसीव्हरवर तेवढं चालतं असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर बॅटरी थेट जोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. काळ्या केबिनच्या बंद ट्रकमध्ये बीईसी आणखी तापतो, म्हणून तो चेसिसच्या बाजूला हवा लागेल असा बांधा.

आता रिमोट

बोटांवर मोजा. स्टेअरिंग एक, मोटर दोन, गिअर तीन, दिवे-भोंगा चार. ट्रेलरची पिन किंवा डंपर असेल तर पाच-सहा. म्हणून सहा चॅनेलचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट घ्या. पिस्तुलासारखा रिमोट रेसच्या गाडीला छान, पण हळू वळणारा ट्रक दोन दांड्यांच्या रिमोटवर जास्त हातात राहतो. फ्लायस्काय एफएस-आय६ मध्ये तीन जागांचा स्विच असतो, तो तीन गिअरांना नेमका बसतो. अशा, मुळात विमानासाठीच्या रिमोटवर एक दांडी मधे परत येत नाही. मोटर तिच्यावर ठेवू नका, स्वतः मधे येणाऱ्या दांडीवर ठेवा.

जोडताना

रिसीव्हर चालू करून सर्व्हो मधे आणा, मगच हॉर्न बसवा. चाकं पूर्ण वळलेली असताना सर्व्हो घूं घूं करत राहिला, तर तो शेवटच्या टोकाला पोचूनही ढकलतोय. रिमोटमधली टोकाची मर्यादा थोडी कमी करा, आवाज थांबेपर्यंत. हा आवाज ऐकायला खोलीत शांतता हवी. पंखा बंद करा.

शेवटी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबवण्याची सोय. ट्रक विटांवर ठेवून चाकं अधांतरी करा, थोडी मोटर चालू ठेवा आणि रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर फेलसेफ सेट करून पुन्हा करून बघा. सोलापूरच्या होम मैदानावर न्यायचा असेल तर हे झाल्याशिवाय नेऊ नका, तिथे लहान मुलं ट्रकच्या मागे धावतात. आणि रोज चालू करताना आधी रिमोट, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट.