ट्रॅपसाठी शॉटगन निवडताना: बेरेटा, ब्राउनिंग, पेराझी की क्रीगहॉफ?

ट्रॅप नेमबाजी, म्हणजे हवेत सोडलेल्या तबकड्या शॉटगनने टिपण्याचा खेळ, शिकू लागलेला माणूस काही महिने रेंजवरची किंवा प्रशिक्षकाची बंदूक वापरतो आणि मग स्वतःची बंदूक घेण्याच्या विचाराला लागतो. त्या वेळी त्याला मिळणारा सल्ला बहुधा कंपनीच्या नावापासून सुरू होतो. माझे मत असे आहे, की कंपनीचे नाव हा या निर्णयातला तिसरा प्रश्न आहे. कोणता प्रकार खेळायचा हा पहिला आणि बंदुकीचा दस्ता आपल्या अंगाला बसतो का हा दुसरा प्रश्न. या दोन्हींची उत्तरे हाती असतील, तरच कंपन्यांमधले खरे फरक उपयोगी पडतात.

ऑलिंपिक ट्रॅपमध्ये तबकडी नेमबाजाच्या समोर १५ मीटरवर असलेल्या खंदकातून सुटते, त्याच्यापासून दूर जाते आणि डावीकडे किंवा उजवीकडे ४५ अंशांपर्यंतच्या कोनात निघू शकते. तिचा पल्ला सुमारे ७६ मीटर असतो, त्यामुळे फार विचार करायला वेळ मिळत नाही. बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते आणि तबकडी वर चढत असते. म्हणून ट्रॅपच्या बंदुकीच्या नळ्या ७६ ते ८१ सेंटिमीटर लांब, चोक (नळीच्या तोंडाशी छर्‍यांचा पसारा ठरवणारा अरुंद भाग) घट्ट आणि छर्‍यांचा मारा नजरेच्या रेषेपेक्षा थोडा वर जाणारा असतो. स्कीट या दुसर्‍या प्रकारात तबकडी समोरून आडवी जाते, अंतर कमी असते आणि तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेजवळ धरावी लागते. तिथे चोक मोकळे हवेत आणि बंदूक चटकन खांद्यावर यायला हवी. एकाच बंदुकीत दोन्ही खेळ चांगले खेळता येतील ही अपेक्षा नवख्याने ठेवू नये. पुढचे विवेचन मुख्यतः ट्रॅपला धरून आहे.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटले की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसळे ही रायफलची नावे आठवतात, आणि शॉटगनकडे वळणारे अनेक जण रायफल किंवा पिस्तूल हाताळून आलेले असतात. त्यांनी एक गोष्ट मुळापासून नव्याने समजून घ्यायला हवी. रायफलला मागची आणि पुढची अशी दोन साइट असतात आणि दोन्ही बंदुकीवरच बसवलेली असतात. शॉटगनला मागची साइट नसते. तिचे काम नेमबाजाचा डोळा करतो. डोळा नळीच्या तुलनेत कुठे येईल हे दस्त्यावर गाल कुठे टेकतो यावर ठरते. दस्त्याची कड चार मिलिमीटर खाली असली तर डोळा खाली जातो आणि छर्‍यांचा जमावही खाली जातो. नळ्या जगातल्या सर्वोत्तम कारखान्यात घडवलेल्या असल्या तरी यात फरक पडत नाही.

म्हणून दुकानात किंवा रेंजवर बंदूक हातात आली की आधी आपला प्रबळ डोळा कोणता हे पक्के करावे. नंतर रिकामी बंदूक उघडून ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, सुरक्षित दिशेला तोंड करून डोळे मिटावेत, बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. ट्रॅपच्या बंदुकीत रिबचा, म्हणजे वरच्या नळीवरील लांब पट्टीचा, थोडा भाग दिसावा आणि तिच्यावरच्या दोन मण्यांपैकी मधला मणी पुढच्या मण्याच्या खाली, त्याला चिकटून दिसावा. मणी डावी-उजवीकडे सरकलेले दिसत असतील, तर दस्त्याचा बाजूचा कल तुमच्यासाठी चुकीचा आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी बहुतेक प्रौढ पुरुषांसाठी ३७ सेंटिमीटरच्या आसपास असते. स्त्रिया आणि किशोरवयीन नेमबाजांना ती बहुधा कमी लागते, आणि त्यांच्या हाती लांब दस्ता देऊन ‘सवय होईल’ असे सांगणे अन्यायाचे आहे. त्या लांब दस्त्यामुळे खांद्याची चुकीची ठेवण अंगवळणी पडते आणि पुढे ती मोडायला फार कष्ट पडतात.

एवढ्या तपासणीवर मात्र थांबू नये. १६ यार्डांवर, म्हणजे साधारण साडेचौदा मीटरवर, एक मोठा कागद किंवा चुना लावलेली लोखंडी पाटी उभी करावी, मधल्या खुणेकडे नजर ठेवून बंदूक खांद्याला लावताच लगेच गोळी झाडावी आणि हे सात-आठ वेळा करावे. जमावाचे केंद्र खुणेपासून जितके इंच सरकलेले असेल, तितके सोळांश इंच दस्त्यात फेरफार करावा लागतो, असा दस्ता बसवणार्‍यांचा जुना हिशेब आहे. ट्रॅपसाठी जमावाचा साठ ते सत्तर टक्के भाग खुणेच्या वर असावा. गालाखालची कड वर-खाली करता येणारा दस्ता असेल तर हे काम त्याच दिवशी होते, म्हणून पहिल्या बंदुकीसाठी अशा दस्त्याचा आग्रह धरावा.

आता कंपन्यांकडे येऊ. इटलीतील ब्रेशाजवळच्या गार्दोने वाल त्रोम्पिया येथील बेरेटाचा इतिहास १५२६ पर्यंत मागे जातो. तिच्या ६८० मालिकेत, म्हणजे ६८२, ६८६, ६८७ आणि त्यांच्याच वंशातील ६९२, ६९४ या बंदुकांमध्ये, नळ्या बाजूंच्या दोन आखूड खिळ्यांवर फिरतात आणि मागून येणारे दोन शंकूच्या आकाराचे अडसर त्यांना पकडतात. नळ्यांच्या खाली काही नसल्यामुळे अ‍ॅक्शन, म्हणजे नळ्यांमागचा यंत्रणेचा धातूचा भाग, उथळ राहते, पुढचा हात नळीच्या जवळ येतो आणि बंदूक हलकी, चपळ वाटते. झिजले की हे अडसर मोठ्या मापाचे बसवता येतात. वरच्या दर्जाच्या डीटी-११ मध्ये वेगळा आडवा अडसर आणि काढता येणारा चापाचा संच आहे, आणि ती जड, स्थिर चालीची बंदूक आहे.

ब्राउनिंगची ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक, ही जॉन ब्राउनिंग यांची अखेरची मोठी रचना होती. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर ती बाजारात आली. आज त्या वंशातील ५२५ आणि ७२५ जपानमधील मिरोकू बनवते, शिवाय ती स्वतःच्या नावानेही त्याच घडणीच्या बंदुका विकते. यात नळ्यांखाली पूर्ण रुंदीची बिजागरीची खीळ आणि रुंद चपटा अडसर असतो, त्यामुळे झीज फार सावकाश होते, पण अ‍ॅक्शन खोल होते. ७२५ मध्ये ती खोली कमी केली आहे. आणखी एक फरक लक्षात ठेवावा: ५२५ मध्ये दुसरा बार पहिल्या बाराच्या धक्क्याने तयार होतो, तर ७२५ मध्ये चाप यांत्रिक आहे, म्हणजे पहिले काडतूस फुटले नाही तरी पुन्हा चाप दाबून दुसरा बार काढता येतो.

पेराझीचा कारखाना ब्रेशाजवळच्याच बोत्तिचिनोमध्ये आहे. टोकियो १९६४ चे ट्रॅप विजेते एन्नियो मात्तारेल्ली यांच्यासोबत डानिएले पेराझी यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी एमएक्स-८ घडवली. उंच रिब आणि हाताने बाहेर काढता येणारा चापाचा संच ही तिची ओळख आहे. स्पर्धेच्या मध्यात स्प्रिंग तुटली तर दुसरा संच बसवून काही क्षणांत पुन्हा उभे राहता येते. दस्ताही एका लांब चावीने सुटतो, त्यामुळे माप बदलले की बंदूक तीच ठेवून दस्ता नवा करता येतो. माझ्या दृष्टीने पेराझीचे सर्वांत मोठे बळ हेच आहे: नळ्यांचे वजन, रिबची उंची, दस्त्याचे प्रत्येक माप हे सारे मागणीनुसार घडवून मिळते. पण ज्याला स्वतःचे माप अजून ठाऊक नाही त्याला या बळाचा उपयोग नाही. दोन वर्षे नियमित सराव करून गालाची जागा स्थिर झाल्याशिवाय मागणीनुसार दस्ता घडवून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

जर्मनीतील उल्म येथील क्रीगहॉफची के-८० रेमिंग्टन ३२ या अमेरिकी बंदुकीच्या वंशातली आहे. तिचा अडसर नळ्यांच्या वरून पुढे सरकतो आणि झीज स्वतःच भरून काढतो. वरच्या आणि खालच्या नळीच्या मार्‍यातला फरकही जुळवता येतो. ती जड आणि महाग आहे, आणि अमेरिकी ट्रॅप व स्पोर्टिंग (तबकड्यांच्या नेमबाजीचा आणखी एक प्रकार) यांमध्ये तिला मोठी मागणी आहे.

भारतात राहणार्‍याने मात्र या सगळ्याच्या आधी परवाना, आयात आणि दुरुस्ती यांचा विचार करावा. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत नेमबाजाचा दर्जा, त्याला ठेवता येणार्‍या शस्त्रांची संख्या आणि आयातीची परवानगी ठरते. आपण कोणत्या पात्रतेत बसतो हे राष्ट्रीय रायफल संघटना आणि आपली राज्य संघटना यांच्याकडून लेखी समजून घेतल्याशिवाय कोणत्याही विक्रेत्याला पैसे देऊ नयेत. क्रीडापटूने आयात केलेल्या शस्त्राच्या पुनर्विक्रीवरही बंधने असतात, म्हणून वापरलेली बंदूक घेताना तिची कागदपत्रे बंदुकीइतकीच बारकाईने पाहावीत. त्यानंतर तुमच्या रेंजवरचा कारागीर कोणती बंदूक उघडू शकतो, कोणाचे अडसर आणि स्प्रिंगा त्याच्याकडे आहेत, हे विचारावे. ज्या कंपनीचे सुटे भाग दोन आठवड्यांत मिळतात ती, ज्यांचे सहा महिन्यांनी मिळतात त्या कंपनीपेक्षा तुमच्यासाठी चांगली आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकांचे काम यापेक्षा सोपे आहे: पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट मिळाल्यावर त्यांना वापरलेल्या बेरेटा आणि मिरोकू भरपूर पाहायला मिळतील, आणि चांगले विक्रेते बंदूक मैदानावर चालवूनही पाहू देतात.

वापरलेली बंदूक तपासताना पुढचा लाकडी भाग काढावा, दस्ता धरून बंदूक हलवावी आणि नळ्या अ‍ॅक्शनपासून किंचितही सुटतात का ते पाहावे. वरची लिव्हर बंद स्थितीत मध्यरेषेच्या उजवीकडे थांबत असेल तर अडसराचे आयुष्य शिल्लक आहे. ती मध्याच्या डावीकडे गेली असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. नळ्या उजेडाकडे धरून आत पाहिल्यावर एखादे गोल सावलीचे कडे दिसले तर नळी फुगलेली असते, आणि अशी बंदूक घेऊ नये. इटालियन बंदुकीवरील तपासणीच्या शिक्क्यांमध्ये वर्ष सांगणारी अक्षरे असतात, त्यावरून विक्रेत्याने सांगितलेले वय पडताळता येते. कोकणात किंवा मुंबईत राहणार्‍यांनी रिबच्या बाजूंना आणि चापाच्या संचाखाली गंज आहे का हे विशेष पाहावे, कारण पावसाळी हवेत तेल न लावता ठेवलेल्या बंदुकीवर तो आधी तिथेच धरतो.

नवख्या ट्रॅप नेमबाजासाठी माझी निवड स्पष्ट आहे. गालाखालची कड जुळवता येणारी, ७६ सेंटिमीटर नळ्यांची, सुमारे ३.६ ते ३.८ किलो वजनाची बेरेटा ६८० किंवा ६९० मालिकेतील किंवा मिरोकूने घडवलेली ब्राउनिंग घ्यावी. दोघींपैकी कोणती, हे सलग दोन-तीन फेर्‍या खेळून पुढच्या हाताला कोणती अ‍ॅक्शन आपलीशी वाटते यावर ठरवावे. उथळ अ‍ॅक्शनच्या बंदुकीने तबकडीमागे जास्त धावणार्‍यांना खोल अ‍ॅक्शनची स्थिर चाल मानवते, आणि ज्यांची बंदूक तबकडीच्या मागे रेंगाळते त्यांना उलट. सरावासाठी स्पर्धेतलीच २४ ग्रॅमची काडतुसे वापरावीत, कारण जड काडतुसांवर ठरवलेला दस्ता हलक्या काडतुसांवर वेगळा वागतो. अमेरिकेच्या किम ऱ्होड यांनी १९९६ ते २०१६ अशा सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदके मिळवली, आणि त्यांतील बर्‍याच वर्षांमध्ये त्यांच्या हाती एकच जुनी पेराझी होती. म्हणून बंदूक एकदा ठरली की निदान दोन हंगाम तिच्यातले फेरफार वहीत तारखेसह लिहून ठेवावेत: कडेची उंची, दस्त्याची लांबी, कोणता चोक, कोणते काडतूस आणि त्या दिवशीचे गुण. पुढे बोत्तिचिनोला किंवा अन्य कुठे मागणीनुसार दस्ता घडवायला सांगाल, तेव्हा कारागीर तुमच्याकडून हेच आकडे मागेल.