गावाची प्रश्नावली भरायला निघताय? आधी वस्त्यांची यादी

कृषी गणनेला जोडून गावाची प्रश्नावली भरायला निघताना ओळखपत्र, तहसीलचं पत्र, दोन पेन, पाण्याची बाटली, टोपी. हे सांगायला नको. टॅबलेट असेल तर आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा आणि पॉवर बँक घ्या. रेंज मिळणार नाही असं धरूनच चालायचं, म्हणून छापील कोऱ्या प्रश्नावल्या दोन जास्तीच्या ठेवा. एवढं झालं. आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. गावाला निघण्याआधी त्या गावच्या सगळ्या वाड्या-वस्त्यांची यादी तयार हवी. डोक्यात नको, "तिथं गेल्यावर विचारू" नको, कागदावर हवी. मागच्या वेळी आमची हीच राहिली आणि भरून झालेल्या प्रश्नावल्या पुन्हा भराव्या लागल्या.

कृषी गणना आपल्याकडे 1970-71 पासून दर पाच वर्षांनी होते. पहिल्या टप्प्यात वहितीदारांची यादी (वहिती म्हणजे एकाने कसलेली सगळी जमीन), दुसऱ्यात निवडलेल्या 20 टक्के गावांत पीक-पाण्याची सविस्तर माहिती, तिसऱ्यात 7 टक्के गावांत खतं-बियाणं वगैरे निविष्ठांचं सर्वेक्षण. हे सगळं वहितीदाराभोवती फिरतं. गावपातळीची माहिती म्हणजे वेगळं काम. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2010 च्या फेरीपासून ती गणनेला जोडायची वाट दाखवली. रस्ता, वीज, पाणी, बाजार, पीककर्जाची सोसायटी, जनावरांचा दवाखाना, मजुरी, गायरान, दुष्काळ असे प्रश्न गावाला एकदाच विचारायचे. वहितीदाराची माहिती चुकली तर एक वहिती चुकते. गावाची चुकली तर पुढे आकडे जोडताना ती चूक त्या गावातल्या प्रत्येक वहितीला चिकटते. म्हणून घाई नको.

आता वस्त्या का? सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, करमाळा या तालुक्यांत शेतकरी गावठाणात कमी आणि रानात जास्त राहतो. समजा गावठाणात 140 घरं आहेत आणि वस्त्यांवर 190. तुम्ही ग्रामपंचायतीत बसून "बारमाही रस्ता आहे का?" विचारलं. एसटी दारात थांबते, उत्तर "आहे". ते खरंही आहे, पण 140 घरांपुरतं. उरलेल्यांचं खरं बघायचं असेल तर पाऊस पडून गेल्यावर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जा. काळ्या रानातला चिखल मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये असा बसतो की चाकच फिरत नाही. माणूस खाली उतरून काडीने चिखल काढतो, दहा पावलं ढकलतो, पुन्हा काढतो. दुधाचा कॅन डांबरीपर्यंत डोक्यावरून जातो. संकलन केंद्राची वेळ चुकली की त्या दिवसाचं दूध घरात. प्रश्नावलीत मात्र "दूध संकलन: गावात आहे, अंतर 0" असं लागलेलं असतं.

यादी कशी करायची ते नीट सांगतो. एक आडवा कागद, पाच रकाने. वस्तीचं नाव (दोन नावं असतील तर दोन्ही, कारण मतदार यादीत एक असतं आणि लोकांच्या तोंडी दुसरं), गावठाणापासून दिशा आणि अंतर, अंदाजे घरं, पावसाळ्यात वाट कशी असते, उन्हाळ्यात पिण्याचं पाणी कुठून येतं. नावं कुठून मिळवायची? एकाच माणसाकडून नको. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना घरांची संख्या माहीत असते, कारण लसीकरणाला त्या प्रत्येक वस्तीवर जातात. वायरमनला कुठल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) कुठली वस्ती हे पाठ असतं. दूध गोळा करणाऱ्या पोराला वाटा माहीत असतात. जिल्हा परिषदेच्या वस्तीवरच्या शाळेचे गुरुजीही उपयोगी पडतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरपट्टीच्या नोंदवहीवर) एकट्यावर विसंबू नका, शेतात बांधलेली घरं त्यात कधी असतात, कधी नसतात. तिघांकडून फोनवर नावं घ्या आणि जुळवून बघा. एका गावाला तासभर लागतो. हा तास वाचवू नका.

दुसरी गोष्ट, "गाव" म्हणजे काय हे आधी ठरवा. गणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. ग्रामसेवक आकडे देतात ते ग्रामपंचायतीचे, आणि ग्रुप ग्रामपंचायत असेल तर त्यात दोन-तीन महसुली गावं मिसळलेली असतात. तलाठी बोलतात ते अख्ख्या सझाचं, म्हणजे त्यांच्याकडच्या सगळ्या गावांचं. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. पत्रावर तेच लिहा.) तिघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून कुणी खोटं बोलतंय असं नसतं, प्रत्येकाची हद्द वेगळी असते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी कशाची हद्द ते लिहा आणि 2011 च्या जनगणनेचा सहा अंकी गाव क्रमांक आधीच उतरवून न्या. सारख्या नावाची गावं आहेत, आणि बुद्रुक-खुर्दची अदलाबदल तर नेहमीची.

बेचिराग गावं सोडू नका. तिथं माणूस राहत नाही, पण जमीन कसली जाते, सातबारे आहेत, म्हणजे गणनेत ते गाव आहे. माहिती शेजारच्या गावात राहणाऱ्या कसणाऱ्यांकडून घ्यायची. उजनीच्या काठाला, करमाळा आणि माढा भागात, धरणात गेलेली आणि उठून दुसरीकडे वसलेली गावं आहेत. गावठाण नव्या जागी, काही जमीन जुन्या शिवारात, आणि पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर. गाळपेर जमीन दरवर्षी सारखी नसते, धरणात किती पाणी उरलं त्यावर ती ठरते. ती गावच्या कायमच्या लागवडीत मिळवू नका, वेगळी लिहा. पुनर्वसित गावठाणालाही वस्त्या असतात. यादी इथंही लागते.

तलाठी कार्यालयातून काय पाहून घ्यायचं? गाव नमुना 1-ब मधून सरकारी जमिनीची म्हणजे गायरान वगैरेची माहिती, नमुना 11 मधून पिकांचा गोषवारा, नमुना 14 मधून पाण्याची साधनं. गायरान कागदावर किती आणि आज चरायला मोकळं किती हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही घ्या. दुसरा आकडा मेंढपाळ सांगेल, कार्यालय नाही. दुष्काळाच्या प्रश्नाला लोकांच्या आठवणीवर जाऊ नका. 1972 सगळ्यांना आठवतो, पण चार वर्षांपूर्वीचं साल दोघं दोन तऱ्हेने सांगतात. तहसीलमधून गेल्या दहा वर्षांची अंतिम पैसेवारी (नेहमीच्या मानाने पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज) घ्या. 50 पैशांच्या आत कुठल्या वर्षी होती ते बघा, आणि गाव खरिपाचं की रब्बीचं तेही तिथंच कळेल.

दिवस कसा निवडायचा? आठवडी बाजाराचा दिवस नको. आषाढी-कार्तिकीच्या आसपास पंढरपूर-माळशिरस भागात जाऊच नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारीची पेरणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, तेव्हा रिकामा माणूस सापडला तर त्याच्याकडे शेती नसते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात लोक रात्रभर पिकाला पाणी देत दारं धरतात आणि सकाळी झोपतात. वायरमनला आधी विचारा.

बैठक कुणाच्या वाड्यावर किंवा मळ्यात नको, तिथं घरमालकाचंच उत्तर सगळ्यांचं होतं. शाळा, देवळाचा पार, चावडी चालेल. आठ ते बारा माणसं पुरे. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे सचिव येतातच, त्यांना बोलवायला कष्ट पडत नाहीत. कष्ट घ्यायचे ते बचत गटातल्या बायकांसाठी, भूमिहीन मजुरांसाठी, मेंढपाळांसाठी आणि वस्त्यांवरच्या माणसांसाठी. यादी समोर धरून प्रत्येक मोठ्या वस्तीवरचा एक माणूस आलाय का ते मोजा. नसेल तर बैठक संपल्यावर त्या वस्तीवर जायचं, गाडीत तेवढं पेट्रोल ठेवा. मजुरीवर जाणाऱ्या बायका दिवसा सापडत नाहीत, त्यांना संध्याकाळी रानातून परतल्यावर भेटा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेकडच्या गावांत कानडी बोलणारा सोबती न्या. लोक मराठी बोलतात, पण आपापसात चर्चा कानडीत करतात, आणि खरं उत्तर त्या चर्चेत असतं.

मापं. इथं सगळ्यात जास्त आकडे बिघडतात. कागदावर "1.20" लिहिलं तर त्याचे तीन अर्थ होतात. शेतकरी म्हणतो एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, म्हणजे 60.7 आर. तोच आकडा कुणी दशांश एकर समजून भरला तर 48.6 आर. आणि सातबाऱ्यावर 1.20 म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळजवळ तीन एकर. म्हणून आकडा तोंडी आला तसाच शब्दांत लिहा, "एक एकर वीस गुंठे", आणि रूपांतर रात्री करा: 40 गुंठ्यांचा एकर, 100 आरांचा हेक्टर, एक हेक्टर म्हणजे 2.47 एकर. कडबा शेकड्यावर सांगतात, पेंढीचा आकार विचारा. पोतं किती किलोचं ते प्रत्येक पिकाला विचारा. विहिरीची खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात सांगतील, त्याचे फूट तिथंच करून घ्या.

संदर्भ वर्ष 1 जुलै ते 30 जून. "या वर्षी" हा शब्द वापरूच नका. नोव्हेंबरात विचारलं तर माणूस उभ्या पिकाचं सांगतो. "मागच्या सालच्या पेरणीपासून मागच्या रोहिणीपर्यंत" असं विचारलं की समजतं. उसाला जास्त जपा. आडसाली जुलै-ऑगस्टची लागण दीड वर्ष रानात असते, ती दोन संदर्भ वर्षांत येते. लागण आणि खोडवा (तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटलेला ऊस) वेगळे लिहा.

बाजाराला "जवळचा कुठला?" एवढंच विचारू नका, "माल खरंच कुठं जातो?" हेही विचारा. दोन्ही क्वचितच एक असतात. कांदा सोलापूरच्या बाजार समितीत जातो, भुसार माल बऱ्याच गावांतून बार्शीला, आणि डाळिंब बांधावरूनच उचललं जातं. जनावरांचा दवाखाना आहे एवढं पुरत नाही. श्रेणी 1 की श्रेणी 2 ते लिहा. पहिल्यात डॉक्टर असतात, दुसऱ्यात पशुधन पर्यवेक्षक. वीज "आहे" हेही उत्तर नव्हे. शेतीपंपाला थ्री फेज किती तास, दिवसा की रात्री, आणि डीपी जळाली तर बदलून यायला किती दिवस लागतात ते विचारा. अंतरं गावठाणापासूनची विचारली असतील तर तीच भरा, पण शेऱ्यात सगळ्यात लांबच्या वस्तीचं अंतर आणि तिथल्या घरांची संख्या लिहा. यादी हातात असेल तरच हे लिहिता येतं. चौकट एकच आहे म्हणून वस्ती गाळायची नाही, शेऱ्याची जागा त्यासाठीच आहे.

मजुरी कामागणिक विचारा. खुरपणी, काढणी, छाटणी, फवारणी. बाई आणि गडी वेगळे. तास किती, चहा-जेवण आहे का, रोजाने की उक्ते. उक्त्याचा दर एकरावर असतो, तो रोजाच्या रकान्यात घालू नका. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं, जुलैला नाही. मालकाने सांगितलेला आणि मजुराने सांगितलेला दर वेगळा निघाला तर सरासरी काढू नका, दोन्ही लिहा आणि कुणी सांगितला ते लिहा.

बटईचा (दुसऱ्याची जमीन वाट्याने कसण्याचा) विषय सगळ्यांसमोर काढलात तर कुणी बोलणार नाही. गावात निमे बटईने (अर्ध्या वाट्याने) चालतं की खंडाने (ठरलेल्या भाड्याने), एवढंच गावाच्या पातळीवर विचारा. नावं नकोत.

निघण्यापूर्वी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवा. दुरुस्त्या वेगळ्या रंगाने. सह्या, तारीख, हजर असलेल्यांची संख्या. गावठाणाचं जीपीएस मारुतीच्या देवळापाशी किंवा ग्रामपंचायतीपाशी घ्या, मोठ्या वस्त्यांचं वस्तीवर जाऊन.

रात्री त्याच दिवशी तपासा. रिकामी चौकट आणि शून्य यात फरक ठेवा: नसेल तर 0, कळलं नसेल तर रेघ. अंतरात किलोमीटर आणि मीटर मिसळलेत का बघा. टॅबलेटवर भरलं असेल तर रेंज आल्यावर पाठवा आणि पोचल्याचं बघूनच पुढचं गाव.

जमा करताना वस्त्यांची यादी प्रश्नावलीला जोडा. स्टेपलर न्या.