बाउंडेड क्यू वापरताय? या चुका टाळा

प्रोग्रॅम बंद पडलेला नाही, एररही नाही. पण लॉग पुढे सरकत नाही आणि सीपीयू जवळपास शून्यावर. बाउंडेड क्यूवर, म्हणजे ठरावीक क्षमतेच्या रांगेवर, चालणारा कोड असा गप्प झाला की बरेच जण आधी क्षमता १०० ची १०,००० करून टाकतात. प्रोग्रॅम चालू लागतो आणि काही तासांनी पुन्हा तिथेच अडकतो. क्षमतेला हात लावण्याआधी प्रत्येक थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा धागा) नेमका कुठल्या ओळीवर उभा आहे ते बघा. जावात जेस्टॅक आणि पायथनमध्ये पाय-स्पाय डंप हे मिनिटभरात दाखवतात. प्रोड्यूसर (क्यूत नोंदी भरणारे थ्रेड) पुटवर, म्हणजे भरण्याच्या कॉलवर, उभे आहेत आणि कन्झ्युमर (गेट करून नोंदी काढणारा) यादीतच नाही, की सगळेच पुटवर आहेत, की कुणी लॉकपाशी (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपापाशी) अडलाय? तिन्हींची कारणं वेगळी.

कन्झ्युमर गेला, कुणाला पत्ताच नाही

पहिला संशय याच्यावर घ्या. क्यू भरली की पुट थांबणार, कन्झ्युमरने गेट केलं की सुटणार, हे ठरलेलंच आहे. पण गेट करणारा थ्रेडच एका खराब नोंदीवर एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) येऊन संपला असेल तर? पायथनमध्ये त्याचा ट्रेसबॅक (चूक कुठे झाली त्याचा माग) स्टँडर्ड एररवर छापला जातो आणि बाकीचे थ्रेड चालू राहतात. क्यू १०० ची असेल तर प्रोड्यूसर उरलेली जागा खुशाल भरत राहतो आणि मगच अडकतो. त्यामुळे लॉगची शेवटची ओळ निर्दोष दिसते. खरी चूक बरीच वर असते. काम एक्झिक्युटरला (थ्रेडांना कामं वाटणाऱ्याला) सबमिट केलं असेल तर ट्रेसबॅकही मिळत नाही. जावा असो वा पायथन, एक्सेप्शन फ्यूचरमध्ये (निकालासाठी हाती मिळणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) जाऊन बसतं आणि कुणी रिझल्ट मागेपर्यंत दिसत नाही.

म्हणून ट्राय-एक्सेप्ट कन्झ्युमरच्या लूपच्या आत, एकेका नोंदीभोवती हवं. बाहेर ठेवलं तर पहिल्या चुकीलाच लूप संपतो. टास्क-डन (पायथनच्या क्यूला 'नोंद उरकली' सांगणारा कॉल) फायनलीमध्ये, म्हणजे चूक आली तरी चालणाऱ्या ब्लॉकमध्ये, टाका: तो राहिला तर क्यूवरचा जॉइन (सगळं उरकेपर्यंत थांबणारा कॉल) कधीच परतत नाही, जास्त वेळा झाला तर व्हॅल्यू-एरर येते. प्रोड्यूसरच्या पुटला मुदत द्या, समजा ५ सेकंद. मुदत संपली की फुल हे एक्सेप्शन येतं. ते गिळून पुढे गेलात तर नोंद हरवली. कन्झ्युमर जिवंत आहे का बघा. असेल तर तीच नोंद पुन्हा टाका, नसेल तर काम थांबवून तसं लॉगमध्ये लिहा.

ज्या क्यूतून घ्यायचं तिच्यातच भरायचं

क्रॉलरमध्ये (लिंकांमागे जात वेबपानं गोळा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ही चूक हमखास सापडते. वर्कर ४, क्यूची क्षमता १००. प्रत्येक वर्कर एक पान उचलतो आणि त्यातल्या ३० लिंका त्याच क्यूत टाकायला लागतो. चौघांनी २५-२५ टाकल्या की शंभर भरल्या. आता चौघेही २६ व्या लिंकेसाठी पुटवर उभे, आणि गेट करायला कुणीच मोकळा नाही. चाचणीला छोटी साईट घेतली होती तेव्हा क्यू कधी भरलीच नव्हती, म्हणून हे दिसलं नाही. क्षमता वाढवून फक्त अडकण्याची वेळ पुढे जाते. वर्करने न थांबणारा पुट वापरावा आणि जागा नसेल तर उरलेल्या लिंका स्वतःच्या यादीत ठेवून आधी त्या संपवाव्यात. मेमरी मात्र मोजत राहा, कारण ती यादी अमर्याद आहे.

याचाच चुलत भाऊ म्हणजे लॉक धरून पुट करणं. प्रोड्यूसर लॉक घेऊन भरलेल्या क्यूपाशी थांबतो, कन्झ्युमरला गेटच्या आधी तोच लॉक हवा असतो. लॉक सोडा, मग पुट करा.

मर्यादा आहे असं वाटतं, पण नसते

पायथनच्या क्यूत मॅक्ससाईझ शून्य किंवा ऋण दिला तर क्यू अमर्याद होते. जावात लिंक्ड-ब्लॉकिंग-क्यूला आकडा दिला नाही तर क्षमता २१४७४८३६४७. मेमरी त्याच्या कितीतरी आधी संपेल. जावाच्या फिक्स्ड थ्रेडपूलच्या (ठरावीक थ्रेडांच्या ताफ्याच्या) पोटात हीच क्यू असते. थ्रेडपूल-एक्झिक्युटरला मर्यादित क्यू दिली तरी तो थांबत नाही: आत पुट नाही, ऑफर (जागा नसेल तर न थांबता नकार देणारा कॉल) वापरलेलं आहे. क्यू भरली की कमाल संख्येपर्यंत नवे थ्रेड निघतात, त्यानंतर रिजेक्टेड-एक्झिक्यूशन एक्सेप्शन. काम देणाऱ्याचा वेग आपोआप कमी व्हावा असं वाटत असेल तर कॉलर-रन्स धोरण लावा. देणारा थ्रेड ते काम स्वतःच करतो.

क्षमता ठरवताना भागाकार करा. कन्झ्युमर सेकंदाला २०० नोंदी उरकत असेल आणि क्यूत १०,००० असतील, तर शेवटची नोंद ५० सेकंद शिळी होऊन बाहेर पडेल. चालणार आहे का? शिवाय नोंद २ एमबीचं चित्र असेल तर ५०० क्षमतेलाच साधारण १ जीबी लागतो.

बंद करताना

थांबण्याची खूण (आता काम संपलं असं सांगणारी नोंद) कन्झ्युमर जितके तितक्या वेळा टाकावी लागते, आणि तीही सगळे प्रोड्यूसर संपल्यावरच. जावाच्या ब्लॉकिंग क्यूत नल (रिकामं मूल्य) चालत नाही, तिथे खुणेसाठी वेगळा ऑब्जेक्ट करा. पायथन ३.१३ पासून क्यूला शटडाऊन (क्यू बंद करणारा कॉल) आहे. अडकलेले पुटही त्याने सुटतात. जावात इंटरप्टेड-एक्सेप्शन पकडून रिकामा ब्लॉक सोडू नका, नाहीतर थांबवायला सांगितलेला थ्रेड पुन्हा पुटवर जाऊन बसतो.

क्यू भरली आहे का हे आधी विचारून मग पुट करणं व्यर्थ, कारण मधल्या क्षणात दुसरा थ्रेड जागा घेतो. क्यू स्वतः लिहीत असाल तर कंडिशनवर (थ्रेडला थांबवून नंतर जाग आणणाऱ्या सोयीवर) थांबताना इफ नको, व्हाइल हवं. विनाकारण जाग येऊ शकते, आणि जाग येईपर्यंत जागा दुसऱ्याने बळकावलेली असू शकते. 'भरली' आणि 'रिकामी' यांसाठी दोन वेगळ्या कंडिशन ठेवा. पण तयार क्यू मिळत असताना हा उद्योग करायचाच कशाला?

चाचणीत क्षमता १ ठेवून बघा. वरचा क्रॉलर मग पहिल्या काही लिंकांतच अडकतो, मोठी साईट शोधत बसावी लागत नाही.