शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक? या चुका टाळा

सर्दीचा चौथा दिवस. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर हिरवट गोळा दिसतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "इन्फेक्शन झालंय, गोळ्या सुरू कर." मग मागच्या आजारपणातल्या उरलेल्या स्ट्रिपमधल्या दोन-तीन गोळ्या पोटात जातात. आमच्याही घरात हे बरीच वर्षं चाललं, म्हणून या चुकीबद्दलच आधी आणि सविस्तर लिहिते.

हिरवा रंग जंतूंचा नसतो, तो आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. नाकात विषाणू शिरले की न्यूट्रोफिल नावाच्या पेशी तिथे धाव घेतात. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. त्यात लोह असतं आणि ते मुळातच हिरवं असतं. पेशी फुटल्या की हा रंग शेंबडात उतरतो. पेशी थोड्या असल्या तर पिवळा, पुष्कळ असल्या आणि शेंबूड साचून घट्ट झालेला असला तर हिरवा. लढाई विषाणूशी असो की बॅक्टेरियाशी, रंग तोच. रात्रभर साचल्यामुळे सकाळचा शेंबूड सगळ्यात गडद असतो आणि दुपारपर्यंत तो फिका पडतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

साध्या सर्दीत पहिले एक-दोन दिवस नाक पाण्यासारखं वाहतं. मग आतली त्वचा सुजते, प्रवाह मंदावतो, पाणी कमी होतं आणि शेंबूड पांढरा, दाट होतो. त्यानंतर पिवळा, हिरवा, आणि साधारण 7 ते 10 दिवसांत सगळं ओसरतं. आता बघा, चौथ्या-पाचव्या दिवशी अँटिबायोटिक घेतलं आणि दोन-तीन दिवसांत बरं वाटलं, तर श्रेय कुणाला मिळणार? गोळीला. खरं तर सर्दी उतरणीलाच लागलेली होती. विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीच परिणाम होत नाही. जुलाब, पुरळ असे त्रास मात्र होऊ शकतात, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्या औषधाला दाद न देणारे जंतू तयार झालेले असतात.

मग बॅक्टेरियाचा संशय कधी घ्यायचा? रंगापेक्षा दिवस मोजा. 10 दिवस उलटूनही काहीच उतार नसेल, किंवा बरं वाटू लागलं असताना पुन्हा ताप आणि चेहऱ्याचं दुखणं उसळलं असेल, किंवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस 39 अंश सेल्सिअसच्या वर ताप, घट्ट शेंबूड आणि गालफडात ठणका असेल, तर डॉक्टरांकडे जा. डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं, मान ताठ होणं किंवा असह्य डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी जा.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. सीओपीडी किंवा ब्रॉन्किएक्टेसिससारखा छातीचा जुना आजार असलेल्यांनी रंगाकडे दुर्लक्ष करू नये. त्यांचा रोजचा कफ एकाएकी जास्त, दाट किंवा हिरवा झाला आणि दमही वाढला, तर डॉक्टरांना लगेच कळवायला हवं.

पाण्यासारखं आहे, म्हणजे काळजी नाही?

बहुतेक वेळा नसतेच. खाज, शिंका आणि आठवडेच्या आठवडे स्वच्छ पाणी म्हणजे बहुधा अ‍ॅलर्जी. पण डोक्याला मार लागल्यानंतर किंवा नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर एकाच नाकपुडीतून पाणी ठिबकत असेल, वाकल्यावर वाढत असेल, घशात खारट लागत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. सर्दी समजून वाट पाहू नका.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत मणी, शेंगदाणा, स्पंजचा तुकडा असं काहीतरी अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. घरी चिमटा घालू नका, वस्तू आणखी आत सरकते. घड्याळातला चपटा सेल अडकला असेल तर काही तासांतच आतली त्वचा जळते, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठा.

रक्त नाकातलं की छातीतलं?

यात गल्लत करू नका. कोरड्या हवेत जोरात शिंकरल्यावर शेंबडात लाल रेघ येणं नेहमीचं आहे. खोकून काढलेल्या बेडक्यात रक्त असेल तर मात्र ते थोडं असलं तरी तपासून घ्या. त्यामागे क्षयरोग, न्यूमोनिया, फुप्फुसातली रक्ताची गुठळी किंवा कर्करोग असू शकतो. गंजासारखा तांबूस कफ, ताप आणि श्वास घेताना छातीत कळ ही न्यूमोनियाची ओळखीची खूण आहे. गुलाबी, फेसाळ कफ आणि धाप लागत असेल तर फुप्फुसात पाणी भरत असण्याची शक्यता असते, तेव्हा क्षणही न दवडता अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

काळपट शेंबूड बऱ्याचदा धूर, धूळ किंवा सिगरेटमुळे येतो. पण साखर आटोक्यात नसलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला काळा स्राव, चेहऱ्यावर सूज किंवा बधिरपणा जाणवला तर ती गंभीर बुरशी असू शकते. इथे तासांनाही किंमत असते.

उपाय करतानाच्या चुका

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब आठवडेच्या आठवडे वापरू नका. तीन ते पाच दिवसांनंतर ते सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून माणूस पुन्हा थेंबांकडेच वळतो. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरल्याने शेंबूड सायनसकडे आणि कानाकडे ढकलला जाऊ शकतो, तेव्हा एकेक नाकपुडी हलकेच मोकळी करा. दुधाने कफ वाढतो हा समजही सोडून द्यायला हरकत नाही. दूध लाळेत मिसळून घशात दाट लागतं, इतकंच.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पण थेट नळाचं पाणी कधीही नको. नाकातून मेंदूपर्यंत पोहोचणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा दुर्मिळ असला तरी जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पाणी खळखळून उकळा, कोमट होऊ द्या, आणि धुण्याची बाटली दर वेळी स्वच्छ करून पूर्ण वाळवा.