जमीनदाराचं दप्तर कसं वाचावं : मेडफर्डच्या आयझॅक रॉयलचं उदाहरण

माझे वडील तलाठी होते. सातबारा हातात आला की ते मालकाच्या नावाआधी 'इतर हक्क'चा रकाना बघत. मॅसॅच्युसेट्समध्ये मेडफर्डला राहायला आल्यापासून मी इथल्या ब्रिटिश वसाहतीच्या काळातली कागदपत्रं वाचते आणि तीच सवय कामी येते. अठराव्या शतकातला इथला जमीनदार, धाकटा आयझॅक रॉयल (बापाचंही नाव तेच), याचं दप्तर घेऊन सांगते.

आधी खरेदीखत काढा. त्याच्या बापाने अँटिग्वात ऊस आणि गुलामांच्या व्यापारावर पैसा केला आणि १७३२ मध्ये इथे जमीन घेतली. अशा खतांत क्षेत्र एकर आणि रॉडमध्ये असतं. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. दोन रॉड लांब, दोन रॉड रुंद तुकडा म्हणजे बरोबर आपला एक गुंठा. हे कळल्यावर मला ती शेतं दिसायला लागली.

तारखांना जपा. १७५२ पर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांना '१७३८/३९' असं जोडवर्ष दिसतं, त्यातलं दुसरं आपलं. एकच वर्ष लिहिलं असेल तर बहुधा एक वाढवावं लागतं. हे विसरून मी एका घरात बाप जिवंत असतानाच वाटणी झाल्याचं टिपून ठेवलं होतं.

पदं सहज सापडतात : रॉयल मेडफर्डचा सिलेक्टमन, म्हणजे गावाने निवडलेला कारभारी, होता आणि १७५२ ते १७७४ गव्हर्नरच्या कौन्सिलवर होता. तिथे फार रेंगाळू नका.

खरा वेळ मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्यांना द्या. पलंग, चांदी, गुरं यांच्याच रांगेत माणसं किमतीसह लिहिलेली असतात. रॉयल कुटुंबाने १७३७ मध्ये किमान २७ गुलाम सोबत आणले होते. यादीत भेटेल ते प्रत्येक नाव वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्याचा माग इतर दप्तरांत काढा.

त्यासाठी विधिमंडळाकडे आलेले अर्ज बघा. ब्रिटिश राजाशी निष्ठा ठेवणारा रॉयल एप्रिल १७७५ मध्ये निघून गेला, १७८१ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. फेब्रुवारी १७८३ मध्ये त्याच्या घरी पन्नास वर्षं राबलेल्या बेलिंडाने त्याच्या मालमत्तेतून निर्वाहाचा हिस्सा मागितला. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, पण पैसे थांबले आणि तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. ते १७९३ पर्यंत सापडतात. पहिल्यावर थांबू नका, सगळे काढा.