छोट्या खोलीसाठी आणि नाखूश जोडीदाराच्या संमतीने हाय-फाय स्पीकर कसे निवडावेत

बेळगावात टिळकवाडी किंवा अनगोळ भागातील नव्या अपार्टमेंटमधला हॉल असो, की खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरातली पुढची खोली असो, केवळ गाणे ऐकण्यासाठी वेगळी खोली फार थोड्या घरांत असते. ज्या खोलीत पाहुणे बसतात, मुले अभ्यास करतात, टीव्ही चालतो आणि भाद्रपदात गणपती बसतो, त्याच साधारण १० बाय १२ फुटांच्या खोलीत स्पीकरची जोडी मांडायची असते, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाची त्याला मनापासून तयारी नसते. बहुतेक जण आधी स्पीकर निवडतात, मग त्यासाठी जागा शोधतात आणि सर्वांत शेवटी जोडीदाराची समजूत काढतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. जोडीदाराशी बोलून जागा आधी ठरवावी आणि त्या जागेला मानवेल असा स्पीकर नंतर शोधावा, कारण लहान खोलीत स्पीकर कसा वाजतो हे त्याच्या किमतीपेक्षा तो कुठे ठेवला आहे यावर अधिक ठरते.

पहिली पायरी: आक्षेप नेमका कशाला आहे ते विचारावे

जोडीदाराची नाखुशी सहसा गाण्याबद्दल नसते. ती आकाराबद्दल, जमिनीवरून जाणाऱ्या वायरींबद्दल, धुळीबद्दल, खर्चाबद्दल किंवा शेजाऱ्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल असते. शहापुरातील एका परिचितांच्या घरी हा विषय निघाला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, गाणं लावा की, नको कोण म्हणतंय? पण ते खांब दाराजवळ नकोत, आणि वायर रोज माझ्या झाडूत अडकायला नको." या दोन वाक्यांत खरेदीच्या दोन अटी स्पष्ट आहेत: जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर नकोत आणि वायर भिंतीच्या कडेने, पट्टीतून गेली पाहिजे. पहिली अट ध्वनीच्या दृष्टीनेही योग्यच आहे, कारण मोठ्या वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या शंकूचे) उंच स्पीकर १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीत क्वचितच नीट वाजतात. असे आक्षेप कागदावर लिहून घ्यावेत आणि खर्चाची मर्यादाही त्याच बैठकीत दोघांनी ठरवावी. त्या रकमेत स्टँड, वायर आणि ॲम्प्लिफायर (स्पीकरला ताकद पुरवणारे यंत्र) धरलेला असावा, नाहीतर खरा वाद बिल आल्यावर सुरू होतो. आक्षेप नवऱ्याचा असेल तरीही हीच रीत लागू आहे.

दुसरी पायरी: खोली मोजावी आणि रिकामी खोकी मांडून पाहावीत

लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही मापांची नोंद करावी. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक खालचे स्वर साठून घुमतात आणि त्यांचा हिशेब सोपा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरून त्याला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. १२ फुटांच्या, म्हणजे ३.६६ मीटरच्या लांबीसाठी उत्तर साधारण ४७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ कंपने, येते आणि १० फुटांसाठी ५६ हर्ट्झ. खोलीची रुंदी १० फूट आणि स्लॅबची उंचीही १० फूट असेल, तर दोन्ही घुमारे ५६ हर्ट्झवरच एकत्र येतात आणि तबल्याचा बायां, ढोलकीची धुम किंवा बेस गिटार यांतील तेवढाच भाग अंगावर येतो. जुन्या कौलारू घरात छप्पर उतरते असते आणि कौलांच्या फटींतून खालचे स्वर बाहेरही निघून जातात, म्हणून तिथे हा त्रास पुष्कळ कमी जाणवतो. स्लॅबच्या खोलीत मात्र तो गृहीतच धरावा.

यानंतरची कृती मला या सगळ्यांत सर्वाधिक मोलाची वाटते. पसंतीच्या स्पीकरची मापे कंपनीच्या माहितीपत्रकातून घ्यावीत, त्या आकाराची दोन पुठ्ठ्याची खोकी कापून-चिकटवून तयार करावीत आणि ती ठरवलेल्या जागी एक-दोन आठवडे तशीच ठेवावीत. खोक्याचे पुढून मागपर्यंतचे माप घेताना मागून निघणाऱ्या वायरीसाठी तीन-चार इंच अधिक धरावेत. त्या दिवसांत झाडलोट होईल, पाहुणे येतील, खिडकी उघडताना पडदा खोक्यावर अडकेल, लहान मूल त्याला धक्का देईल. जोडीदाराला जे आधी सांगता येत नव्हते ते या काळात आपोआप कळते, आणि बरेचदा त्याची भीती प्रत्यक्षाहून मोठी होती असेही दिसून येते. गणपतीची आरास नेमकी कुठे होते हेही याच वेळी पाहून घ्यावे. पाच-सहा किलोचा स्पीकर स्टँडवरून उचलून त्या दिवसांपुरता आतल्या खोलीत नेता येतो. पंचवीस किलोचा खांब नेता येत नाही.

तिसरी पायरी: जागेवरून स्पीकरचा प्रकार ठरवावा

आता खरी निवड सुरू होते. अशा खोलीसाठी चार ते साडेसहा इंची वूफरचा, दोन मार्गांचा (खालच्या स्वरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर असलेला) बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर मावणारा लहान, स्पीकर घ्यावा. पाच इंच हे मला मधले आणि सुरक्षित माप वाटते. त्यानंतर त्याची पाठ पाहावी. मागच्या बाजूला गोल भोक, म्हणजे पोर्ट, असेल तर तो स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ठेवावा लागतो. जोडीदाराने तेवढी जागा दिली नसेल, तर पुढच्या बाजूला पोर्ट असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा स्पीकर निवडावा. पुढचा पोर्ट असला तरी भिंतीमुळे खालचे स्वर थोडे फुगतातच, कारण भिंत त्या स्वरांना परत खोलीत ढकलते. कोपऱ्यात हा परिणाम सर्वांत जास्त होतो. बंद पेटीत खालचे स्वर हळूहळू उतरत जातात आणि भिंतीची मदत मिळाल्यावर हिशेब जवळपास बरोबर बसतो, म्हणून भिंतीलगतच्या जागेसाठी मी तिला प्रथम पसंती देतो. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या (स्टुडिओबाहेरून कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या) गाड्यांतील अरुंद जागेसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा स्पीकर असाच बंद पेटीचा होता. तो जेमतेम १२ इंच उंच आणि साडेसात इंच रुंद होता, पण माणसाचा आवाज खरा वाटावा यासाठी त्याची आखणी झाली होती आणि त्या गुणासाठी तो आजही नावाजला जातो. आकार लहान म्हणजे दर्जा कमी, ही समजूत त्याच्याकडे पाहून सोडून द्यावी.

स्पीकर किती खाली उतरायला हवा, याचे उत्तर आपण काय ऐकतो यात आहे. काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी) पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजेच ६० हर्ट्झपर्यंत सरळ उतरणारा स्पीकर ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग आणि कन्नड वचनगायन यांना पुरेसा आहे. माहितीपत्रकात "४५ हर्ट्झ" असे छापलेले असेल, तर तो आकडा किती डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) घट धरून दिला आहे ते पाहावे. उणे ३ डेसिबलचा आकडा विश्वासाचा, उणे १० चा जाहिरातीपुरता. ज्यांना मुख्यतः आधुनिक सिनेसंगीत किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचे आहे त्यांना याहून खाली उतरावे लागेल, पण तरीही पहिल्याच दिवशी सबवूफर (फक्त अगदी खालच्या स्वरांची वेगळी पेटी) घेऊ नये. आधी जोडी खोलीत रुळू द्यावी.

चौथी पायरी: ॲम्प्लिफायर

अशा खोलीत ऐकणारा स्पीकरपासून दोन मीटरवर बसतो. स्पीकरची संवेदनशीलता (एका वॉटवर एक मीटर अंतरावर तो किती मोठा वाजतो) ८६ डेसिबलच्या आसपास असेल, तर नेहमीच्या ऐकण्याला चॅनेलमागे, म्हणजे प्रत्येक स्पीकरमागे, एखादा वॉट पुरतो आणि बाकीची ताकद मोठ्या आघातांसाठी राखीव राहते. तेव्हा ३० ते ५० वॉटचा चांगला ॲम्प्लिफायर भरपूर झाला. घरात पेट्या कमी दिसाव्यात हा आग्रह असेल तर ॲम्प्लिफायर आतच बसवलेले ॲक्टिव्ह स्पीकर घ्यावेत. दोन पेट्यांत काम भागते, मात्र विजेचा प्लग लागतो आणि काही जोड्यांत तो दोन्हींकडे लागतो, हे खोकी मांडतानाच लक्षात घ्यावे.

पाचवी पायरी: दोघांनी मिळून ऐकावे

ऐकून पाहण्यासाठी पुण्याला किंवा बंगळूरला जायचे असेल, तर जोडीदाराला बरोबर न्यावे आणि त्याच्या आवडीची दोन गाणी आपल्या गाण्यांआधी लावावीत. दुकानदाराची प्रात्यक्षिकाची चकचकीत ध्वनिमुद्रणे बाजूला ठेवून परिचयाचे गाणे ऐकावे. आपल्या भागात हे परिचयाचे गाणे शोधायला लांब जावे लागत नाही. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे आणि पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या हार्मोनियमवादकाचे वास्तव्य बेळगावातच होते. पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, खरा आवाज इथल्या अनेक कानांनी बैठकीत, चार हातांवरून ऐकलेला आहे. म्हणून पेटीचे वादन जरूर लावावे. सूर लांबवला असताना तो नाकात बोलल्यासारखा किंवा पत्र्यासारखा वाटला, तर तो स्पीकर मधल्या स्वरांच्या पट्ट्यात खोटा आहे. तानपुऱ्याची जवारी (तारेची झणझणती गुंज) स्वतंत्र ऐकू यावी आणि गायकाचा "स" कानाला टोचू नये. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणून ऐकावे, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच सरस भासतो. शेवटी आवाज अगदी कमी करून तेच गाणे पुन्हा ऐकावे. मुले झोपल्यावर आणि शेजारी निजल्यावर याच पातळीवर ऐकायचे असते. त्या पातळीवरही शब्द स्पष्ट लागले तर घरातला निम्मा विरोध मावळतो.

सहावी पायरी: मांडणी

१० फुटी भिंतीसमोर दोन्ही स्पीकर साधारण सहा फूट अंतरावर ठेवावेत आणि त्यांच्यापासून सहा-साडेसहा फुटांवर बसावे, म्हणजे जवळपास समभुज त्रिकोण होतो. खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला डोके टेकून बसू नये. मध्यावर खालचे स्वर हरवतात आणि भिंतीपाशी ते फुगतात. ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. सोफ्यावर बसणाऱ्यासाठी ही उंची तीन फुटांच्या थोडी वर असते. गादी-लोडाच्या बैठकीवर ऐकणाऱ्यासाठी ती अडीच फुटांपर्यंत खाली येते आणि बाजारातले तयार स्टँड तेव्हा उंच पडतात. अशा वेळी सुताराकडून जड लाकडाचे बुटके स्टँड करून घ्यावेत, ते खोलीतल्या इतर फर्निचरशी जुळतातही.

टाइल्स, उघड्या भिंती आणि काचेची खिडकी असलेल्या खोलीत टाळी वाजवली की झणझणीत प्रतिध्वनी येतो, आणि तो कोणताही महाग स्पीकर झाकू शकत नाही. उपाय घरातच असतो: स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा घोंगडे, खिडकीला जाड पडदा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट. बाजूच्या भिंतीवरची नेमकी जागा शोधायला आरसा वापरावा. एकाने ऐकण्याच्या जागी बसावे, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून हळूहळू सरकवावा. आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथे पडदा, कपाट किंवा जाड कापडाची शोभेची चौकट यावी. हे काम एकट्याने होत नाही, आणि चौकटीचे कापड कोणते हा निर्णय जोडीदाराकडे सोपवावा.

वायरी जोडताना लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जाते आहे याची खात्री करावी. एका बाजूला उलट जोडणी झाली की गायक मध्यभागी उभा न राहता खोलीभर पसरतो आणि खालचे स्वर पातळ होतात. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरेशी आहे. बेळगावचा पावसाळा लांबतो, त्यामुळे जुनी जोडी घेत असाल तर शंकूभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून पाहावी; फोमची कड दमटपणात भुसभुशीत होऊन तुटते, रबराची टिकते. स्पीकरच्या पेट्यांचे तळ ओलसर भिंतीपासून दूर ठेवावेत. खरेदीपूर्वी सर्व्हिस सेंटर कोणत्या शहरात आहे आणि न आवडल्यास किती दिवसांत परत घेतले जाईल हे बिलावर लिहून घ्यावे, आणि मूळ खोकी थर्माकोलसह माळ्यावर ठेवावीत, कारण दुरुस्तीसाठी बाहेरगावी पाठवताना वाटेत काही मोडू नये यासाठी तीच कामी येतात.