तपासणीच्या खोलीतील नवा लेखनिक : दवाखान्यात एआय नोंद-सहायक कसा वापरावा

सांगली-मिरज परिसरातील कोणत्याही लहान दवाखान्यात सकाळी दहाच्या सुमारास गेल्यास डॉक्टरांसमोर एक रुग्ण, त्याच्या खुर्चीमागे दोन नातेवाईक, दारात डोकावणारा पुढचा रुग्ण आणि टेबलावर केसपेपरांचा गठ्ठा दिसतो. डॉक्टर ऐकतात, तपासतात आणि लिहितात. या तीन कामांपैकी तिसरे बहुधा अर्धवट राहते. मधुमेहाच्या नियमित रुग्णाच्या कागदावर ‘तेच चालू’ एवढे दोन शब्द लिहून मीही अनेक वर्षे काढली आहेत, आणि सहा महिन्यांनी ‘तेच’ म्हणजे नेमके काय, हे शोधण्यासाठी मागचे कागद चाळलेही आहेत.

डॉक्टर आणि रुग्ण यांचे संभाषण ऐकून नोंदीचा मसुदा तयार करणारे एआय सहायक हे काम हलके करू शकतात. मात्र असे साधन ऐकते तेवढेच लिहिते. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, डोळ्यांची पापणी खाली ओढली, पायावरची सूज बोटाने तपासली, यांतले काहीही त्याला दिसत नाही. म्हणून ते वापरायला शिकणे म्हणजे बटणे शिकणे नव्हे, तर तपासताना बोलायला शिकणे होय. पुढील पायऱ्या मी याच दृष्टीने मांडल्या आहेत.

आत काय चालते

मायक्रोफोनवर आलेला आवाज प्रथम शब्दांत उतरवला जातो. त्यानंतर भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) त्या शब्दांतून गप्पागोष्टी वगळते आणि उरलेला मजकूर तक्रार, तपासणी, निदान व उपचार अशा भागांत मांडते. ही मांडणी यंत्राची नाही; अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६० च्या दशकात रुग्णाच्या समस्येभोवती नोंद रचण्याची पद्धत पुढे आणली, तिचाच हा वारसा आहे.

या दोन्ही टप्प्यांवर चूक होऊ शकते आणि दोन्हींची जात वेगळी असते. पहिल्या टप्प्यावर शब्द चुकीचा ऐकला जातो. दुसऱ्या टप्प्यावर न बोललेली गोष्ट सफाईदार भाषेत लिहिली जाते, आणि ती अधिक धोक्याची असते, कारण ती वाचताना खटकत नाही. ओपनएआयच्या व्हिस्पर या भाषणलेखन प्रणालीवरील २०२४ मधील एका अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांच्या लेखी रूपात कोणीही न उच्चारलेली आख्खी वाक्ये आढळली, आणि बोलताना लांब विराम घेणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक घडले. आपल्याकडील वृद्ध रुग्ण आठवत आठवत, थांबत थांबत बोलतात, हे येथे लक्षात घ्यावे.

पहिली पायरी : गरज कुठे आहे ते पाहणे

साधन घेण्यापूर्वी आठवडाभर आपल्याच नोंदी वाचाव्यात. सर्दी-खोकल्याच्या रुग्णाची नोंद हाताने दोन ओळींत होते. तेथे यंत्राची गरज नाही. नवीन रुग्णाचा सविस्तर इतिहास, मधुमेह आणि रक्तदाब एकत्र असलेला रुग्ण, अनेक ठिकाणी उपचार घेऊन पिशवीभर कागद घेऊन आलेला रुग्ण, अशा भेटींत मात्र लिहिण्यात खरा वेळ जातो. सुरुवात या भेटींपासून करावी.

दुसरी पायरी : निवड

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक शांत खोलीत, प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत झालेले असते. आपण ते आपल्याच खोलीत, पंखा सुरू ठेवून, आपल्या भागातील बोलीत घ्यावे. जत-आटपाडीकडील बोली वेगळी, तासगावची वेगळी. मिरजेत अथणी-चिकोडीकडून येणारे रुग्ण एकाच वाक्यात कन्नड आणि मराठी मिसळतात. दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना रुग्णाच्या जागी बसवून असे दहा संवाद घडवावेत आणि तयार झालेल्या नोंदी शब्दशः तपासाव्यात. खऱ्या रुग्णाचा आवाज या चाचणीसाठी वापरू नये.

पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत: आवाज कोठे साठवला जातो, किती दिवसांनी पुसला जातो, प्रारूपाच्या प्रशिक्षणासाठी तो वापरला जातो का, आणि करार संपल्यावर आपल्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतात. ‘सगळं सुरक्षित आहे, डॉक्टरसाहेब’ हे उत्तर नव्हे. मोबाईलवरील सर्वसाधारण मोफत चॅटबॉटमध्ये रुग्णाचे संभाषण टाकणे तर पूर्णपणे टाळावे. तेथे वरीलपैकी एकाही प्रश्नाचे बांधील उत्तर आपल्या हातात नसते.

तिसरी पायरी : संमती

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. संमती मोकळेपणाने, माहितीसह आणि ठरावीक हेतूसाठी घेतलेली असावी, आणि ती जितक्या सहजपणे दिली तितक्याच सहजपणे मागे घेता यावी, अशी त्याची अपेक्षा आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याची सोयही त्यात आहे. आपल्या भागात मराठीबरोबर कन्नड फलक लावणे म्हणूनच योग्य ठरते.

फलक पुरेसा नाही. तोंडाने सांगावे लागते. मी साधारणपणे असे म्हणतो: “काकू, आपलं बोलणं लिहून घ्यायला हे यंत्र सुरू करतोय. कागद तयार झाला की मी स्वतः वाचून बघतो, आणि आवाज पुसून टाकला जातो. नको असेल तर सांगा, मी हातानं लिहीन. तपासणीत काही फरक पडणार नाही.” शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. नाही म्हटल्यास डॉक्टर नाराज होतील, या भीतीने दिलेली संमती खरी नव्हे. आणि अर्थात, आवाज पुसला जातो हे आपण स्वतः तपासलेले असेल तरच तसे सांगावे.

काही भेटींत यंत्र सुरूच करू नये. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या माहितीची गोपनीयता २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षित आहे. मानसिक आजाराच्या रुग्णाला त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गर्भपाताच्या बाबतीतही कायदा स्त्रीची ओळख उघड करण्यास मनाई करतो. घरातील मारहाणीविषयी एखादी स्त्री दबक्या आवाजात बोलू लागली, तर बोलणे न तोडता हात पुढे करून यंत्र बंद करावे. ते टेबलावर हाताला येईल अशाच जागी ठेवण्याचे हे मुख्य कारण आहे.

चौथी पायरी : तपासताना बोलणे

या पायरीसाठी मला जवळजवळ दोन महिने लागले. आमच्या पिढीला मुकाट्याने तपासण्याची सवय आहे. स्टेथोस्कोप कानाला लावायचा, भुवई उंचावायची आणि थेट गोळ्या लिहायच्या. यंत्र सुरू असताना असे केल्यास नोंदीत तपासणीचा भाग रिकामा राहतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, यंत्र तो ‘सर्वसामान्य’ असे लिहून भरून काढते. म्हणून सापडलेली गोष्ट सापडता क्षणी पूर्ण वाक्यात बोलावी: “रक्तदाब एकशे पन्नास, नव्वद, उजव्या हातावर, बसून घेतला.” “दोन्ही पायांवर सूज आहे, दाबल्यावर खड्डा पडतो.” “उजव्या बाजूला खाली घरघर ऐकू येते, डावी बाजू स्वच्छ आहे.” बाजूचा उल्लेख दरवेळी करावा. ‘इथे’ आणि ‘इकडे’ हे शब्द यंत्राच्या दृष्टीने निरर्थक असतात.

याचा एक अनपेक्षित लाभ असा की, रुग्णालाही आपल्या शरीराविषयी काही कळते. पूर्वी त्याला ते डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ताडावे लागत असे. परंतु सगळेच मोठ्याने बोलण्यासारखे नसते. गाठ संशयास्पद वाटली, तर तो संशय नातेवाइकांच्या गर्दीत उच्चारू नये. गाठीचे माप, जागा आणि कठीणपणा बोलावा, आणि निदानाचा भाग नंतर हाताने भरावा.

रुग्णाचे बोलणे हा वेगळा विषय आहे. आमच्याकडे ‘न्हवं’ हा शब्द पुष्कळदा होकार पक्का करण्यासाठी येतो, ‘आलास न्हवं?’ म्हणजे ‘आलास ना?’ एका आजींनी मला सांगितले, “छातीत दुखतंय न्हवं, पाठीतबी चमक मारतीया.” मसुद्यात उमटले: ‘छातीत दुखत नाही. पाठीत वेदना.’ मजकूर शुद्ध, वाक्य नेटके आणि अर्थ नेमका उलटा. तेव्हापासून मी रुग्णाचे महत्त्वाचे वाक्य प्रमाण मराठीत परत म्हणतो: “म्हणजे छातीत दुखते आहे आणि पाठीतही. बरोबर?” रुग्णाचा होकार आला की यंत्राला दोन साक्षी मिळतात, आणि माझा स्वतःचा ऐकण्यातला घोटाळाही तेथेच निस्तरतो.

‘पाय भरून येतात’ याची ‘पायांवर सूज’ होते, ‘अंगात कणकण आहे’ याचा थेट ‘ताप’ होतो, आणि ‘कसंतरी होतंय’ हे वाक्य तर गायबच होते. वास्तविक हृदयविकाराचा झटका आलेले काही रुग्ण सुरुवातीला एवढेच सांगतात. अशा शब्दप्रयोगांचे भाषांतर न करता ते रुग्णाच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत ठेवावेत, अशी सूचना बहुतेक साधनांच्या नोंदीच्या साच्यात लिहून ठेवता येते. ती पहिल्याच दिवशी लिहावी.

खोलीत तिघे बोलत असल्यास कोणाचा आजार कोणाच्या नावावर जाईल, याचा नेम नसतो. सून म्हणते, “आमच्या ह्यांना शुगर आहे,” आणि मधुमेह सासूच्या नोंदीत जाऊन बसतो. अशा वेळी “म्हणजे तुमच्या मुलाला मधुमेह आहे, तुम्हाला नाही,” असे रुग्णाकडे पाहून स्पष्ट म्हणावे.

पाचवी पायरी : मसुदा वाचणे

मसुदा रुग्ण समोर असतानाच वाचावा. रात्री दवाखाना बंद करताना चाळीस मसुदे एकदम वाचायला बसल्यास डोळे ओळींवरून फिरतात, मन फिरत नाही. संपूर्ण मजकुराकडे सारखेच लक्ष देण्यापेक्षा पाच ठिकाणी थांबावे: आकडे, डावी-उजवी बाजू, ‘आहे’ आणि ‘नाही’, औषधांची नावे व मात्रा, आणि ॲलर्जी. मराठी आकड्यांत एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला जवळचे आहेत. म्हणून वजन किंवा साखर सांगताना “एकोणसत्तर, सहा-नऊ” असे दोनदा म्हणावे. ‘दीड गोळी’ची ‘एक गोळी’ झाली आहे का, हेही पाहावे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि जंतुसंसर्गावरील मेट्रोनिडाझोल ही नावे गोंधळात टाकणारी म्हणून औषधशास्त्रात आधीपासूनच ओळखली जातात. घाईच्या उच्चारात त्यांचे अंतर आणखी कमी होते.

गोळ्यांची चिठ्ठी मात्र यंत्राच्या मसुद्यातून आपोआप छापली जाऊ देऊ नये. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी एआयला औषध लिहून देण्यास किंवा रुग्णाला सल्ला देण्यास मनाई केली असून, ते डॉक्टरांना केवळ साहाय्य करू शकते असे म्हटले आहे. त्या सूचना दूरस्थ उपचारांसाठी असल्या, तरी समोरासमोरच्या तपासणीतही हीच मर्यादा पाळावी. चिठ्ठी वेगळी लिहावी, सुवाच्य लिहावी आणि मसुद्यातील उपचारांशी ताडून पाहावी. दोहोंत फरक आढळल्यास चूक कोठे झाली ते लगेच कळते.

साठवण आणि अडचणीचे दिवस

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. हा नियम डॉक्टरांनी तपासून कायम केलेल्या नोंदीला लागू धरावा. कच्चा आवाज त्यासाठी साठवण्याची गरज नाही. रुग्णाचा १४ अंकी आभा क्रमांक (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा क्रमांक) असेल आणि त्याची संमती असेल, तर अंतिम नोंद त्याला जोडता येते.

दर महिन्याला जुन्या नोंदींतून कोणत्याही वीस काढून त्यांतील दुरुस्त्या मोजाव्यात. एकच चूक वारंवार दिसल्यास साच्यात बदल करावा. ती ॲलर्जीविषयी किंवा औषधाविषयी असेल, तर तिचे निराकरण होईपर्यंत साधन बाजूला ठेवावे. रुग्णांनीही आपल्या नोंदीची प्रत मागून घरी वाचावी आणि काही चुकले असल्यास पुढच्या भेटीत सांगावे. माझ्याकडील दोन चुका अशाच सापडल्या.

वीज किंवा इंटरनेट गेल्यास अर्धवट मसुद्यावर विसंबू नये. तो रद्द करून ती भेट कागदावर पूर्ण करावी आणि कागदावर वेळ टाकावी. त्यासाठी टेबलाच्या वरच्या खणात कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा आणि चालणारे पेन ठेवलेले असावे.